रॉकेट किती उंच गेले?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ तुमच्या घरच्यांना विचारा. गुढीपाडव्याचा दिवस होता. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक माळच्या माळ सरकत गेली. अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर जे होते त्यांनी ती पाहिली. कित्येकांनी मोबाईलवर तिचे चित्रण केले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे आकाशातून येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च’ जातीच्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे मत तज्ज्ञांनी दिले.

आता एक प्रश्न. ती माळ आपल्या डोक्यावरून गेली तेव्हा किती उंचीवर होती? कोणी म्हणेल विमानाएवढी, कोणी म्हणेल त्याहून कमी. डोळ्यांना उंची कळत नाही; त्यांना फक्त दिशा कळते. वास्तविक असे तुकडे जळू लागतात ते कित्येक दशक किलोमीटर उंचीवर. त्या दिवशी दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी, ती माळ कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर आहे एवढेच वहीत लिहिले असते, तर उंची कागदावर काढता आली असती. पाहणारे पुष्कळ होते, मोजणारे दुर्मीळ.

हे मोजण्याचे काम आपण आज लहान प्रमाणावर करणार आहोत. त्यासाठी आकाशातून काही पडण्याची वाट पाहायची नाही. रॉकेट आपणच उडवायचे. रॉकेट उडवणे हा त्यातला सोपा भाग आहे. ते किती उंच गेले, किती वेगाने गेले, हे खात्रीने सांगणे हा खरा भाग. दिवाळीतला बाणही वर जातो, पण तो कोठे गेला हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्यापासून कोणी काही शिकतही नाही.

छंद म्हणून रॉकेट उडवण्याची पद्धत अमेरिकेत रुजली ती १९५० नंतरच्या दशकात. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक नावाच्या लहानशा शेतीप्रधान गावात ऑरव्हिल कार्लाइल यांचे चपला-बुटांचे दुकान होते. त्यांना शोभेच्या दारूचा नाद, तर भावाला विमानांच्या प्रतिकृतींचा. दोघांच्या नादातून १९५४ मध्ये कागद आणि हलक्या लाकडाचे, तयार इंजीन बसवून उडणारे आणि छत्रीने अलगद उतरणारे रॉकेट जन्मले. १९५७ साली ‘स्पुटनिक’ उडाला आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. अनेकांनी घरीच दारू कुटून नळ्यांत भरली, आणि त्यात काहींनी बोटे व डोळे गमावले. हॅरी स्टाइन हा रॉकेट-तळावर काम केलेला अभियंता कार्लाइलच्या मदतीला आला, आणि छंदाला दोन नियम मिळाले : दारू स्वतः बनवायची नाही, आणि उड्डाणाची नोंद ठेवायची.

पहिला नियम आपल्याकडे तर कायद्यानेच घातलेला आहे. स्फोटक द्रव्यांविषयीचे आपले नियम २००८ सालचे आहेत. ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारी, नागपुरातच आहे. परवान्याशिवाय अशी द्रव्ये बनवणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तो मूर्खपणाच ठरला असता. म्हणून आपले रॉकेट पाण्याचे.

ते कसे बनवायचे हे पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. शीतपेयाची एक लिटरची बाटली घ्या. साध्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, ती दाबाने फुटते. एकतृतीयांश पाणी भरा. तोंडाला रबरी बूच घट्ट बसवा आणि बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पुठ्ठ्याचे तीन-चार पर चिकटवा. टोकाला स्पंजाचे मऊ नाक लावा. दाबमापक असलेल्या पंपाने सायकलवाल्याच्या भाषेत ४०-५० पौंड हवा भरा. ६० च्या पुढे कधीही जाऊ नका. बूच एका खिट्टीने धरून ठेवा आणि खिट्टी पाच-सात मीटरवरून दोरीने ओढा. शिक्षक जवळ हवेत, विजेच्या तारा जवळ नकोत. उन्हात तापलेल्या किंवा ओरखडे पडलेल्या बाटलीत हवा भरायची नाही. कपाशीची वेचणी संपली की आपल्या जिल्ह्यात मोकळ्या रानांना तोटा नसतो, पण शाळेचे मैदान त्याहून बरे. जमीन सपाट असली की पुढचे गणित सोपे होते.

आता मोजणीकडे वळू.

सर्वांत जुने साधन म्हणजे कोनमापक आणि ओळंबा. कंपासपेटीतला कोनमापक फार लहान. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर होतो. त्याऐवजी २० सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ जाड पुठ्ठ्यावर आखा. आता एक अंश साडेतीन मिलिमीटरचा झाला. सरळ कडेला जुन्या बॉलपेनची नळी चिकटवा, मध्यबिंदूपासून दोऱ्याला लोखंडी नट बांधून सोडा. नळी क्षितिजसमांतर असताना दोरा जेथे येतो तेथे शून्य लिहा. नळीतून रॉकेटचा पाठलाग करायचा, ते सर्वांत उंच पोचले की दोरा बोटाने पुठ्ठ्यावर दाबून धरायचा आणि अंश वाचायचा. हाच दहावीच्या पुस्तकातला उन्नत कोन.

समजा तुम्ही उड्डाणस्थळापासून ५० मीटरवर उभे आहात आणि कोन आला ३५ अंश. टॅन ३५ ची किंमत ०.७००. तिला ५० ने गुणले की ३५ मीटर. तुमचा डोळा जमिनीपासून १.४ मीटर वर आहे, तो मिळवा. रॉकेट ३६.४ मीटर गेले.

गेले का खरेच? येथेच सावध व्हायचे. हे गणित एक गोष्ट गृहीत धरते : रॉकेट सरळ वर गेले. पण वारा आहे. समजा वर जाताना ते तुमच्याकडे ८ मीटर सरकले. आता तुमच्यापासूनचे आडवे अंतर ५० नसून ४२ आहे. कोन तोच ३५ अंश असेल तर उंची फक्त २९.४ अधिक १.४, म्हणजे ३०.८ मीटर. वाऱ्याने तुम्हाला साडेपाच मीटरची खोटी उंची बहाल केली, आणि कोनमापकाला त्याचा पत्ताही नाही. मैदानावरच्या फुशारक्यांतल्या निम्म्या तरी अशाच जन्मतात.

याला उपाय दुसरा निरीक्षक. मैदानाच्या दोन टोकांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन ठाणी करा आणि त्यांतले अंतर टेपने नीट मोजा. धरू या ८० मीटर. प्रत्येक ठाण्यावर एक टेबल आणि त्यावर आडवे ठेवलेले पूर्ण वर्तुळाचे कोनमापक. टेबल सपाट आहे की नाही हे पाहायला गोटी ठेवा. ती घरंगळली नाही म्हणजे झाले. वर्तुळाचा शून्य अंश दुसऱ्या ठाण्याकडे रोखलेला. आता प्रत्येक निरीक्षक दोन कोन सांगेल : रॉकेट दुसऱ्या ठाण्यापासून किती अंश बाजूला होते, आणि किती अंश वर होते.

एक उदाहरण सोडवून पाहू. ‘अ’ चा आडवा कोन ४८ अंश, ‘ब’ चा ४१. त्रिकोणाचा तिसरा कोन ९१. साइन-नियम ज्यांना येतो त्यांनी तो लावावा. तो वरच्या वर्गांत येतो, पण आठवी-नववीच्या मुलांनी निराश व्हायचे कारण नाही. आलेखकागदावर १ सेंटिमीटरला ५ मीटर असे प्रमाण घ्या, १६ सेंटिमीटरची रेघ काढा, दोन्ही टोकांना कोन काढा आणि रेषा जेथे छेदतात तेथपर्यंत पट्टीने मोजा. ‘अ’ पासून साडेदहा सेंटिमीटर भरतील, म्हणजे ५२.५ मीटर, ‘ब’ पासून ११.९, म्हणजे ५९.५ मीटर. ‘अ’ चा उन्नत कोन ३३ अंश असेल तर त्याच्या मते उंची ५२.५ गुणिले ०.६४९, म्हणजे ३४.१ मीटर. ‘ब’ चा २९ अंश असेल तर ५९.५ गुणिले ०.५५४, म्हणजे ३३ मीटर.

दोन उत्तरे! पण यात गोंधळ नाही, उलट मोठा फायदा आहे. एका ठाण्यावरून जे उत्तर येते ते चूक की बरोबर हे कळायला मार्ग नसतो. दोन ठाण्यांची उत्तरे एकमेकांची साक्ष काढतात. येथे सरासरी ३३.५ मीटर आणि प्रत्येक उत्तर तिच्यापासून दोन टक्क्यांच्या आत. डोळ्याची उंची मिळवून ३४.९ मीटर लिहायला हरकत नाही. पण ‘ब’ चा कोन ३६ अंश आला असता तर? त्याच्या मते उंची ४३ मीटरवर जाते, आणि दोघांची उत्तरे सरासरीपासून जवळजवळ १२ टक्के दूर पडतात. अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत असा फरक १० टक्क्यांपलीकडे गेला की ते उड्डाण ‘माग हरवला’ म्हणून बाद होत असे. रॉकेट डोळ्यांदेखत सर्वांत उंच गेले असले तरी त्याची नोंद शून्य! मला हा नियम फार आवडतो. मुले त्यावर भांडतात, आणि भांडता भांडता त्यांना पुरावा म्हणजे काय ते कळते.

यासाठी एक शिस्त मात्र पाळावी लागते. ‘अ’ ने आपला कोन ओरडून सांगायचा नाही. दोघांनीही तो आधी आपापल्या वहीत शाईने लिहायचा आणि मगच वह्या एकत्र आणायच्या. ‘ब’ ला ‘अ’ चे उत्तर ठाऊक झाले की त्याचा दोरा नकळत तिकडे सरकतो, मनुष्यस्वभावच तो. आणि बाद झालेले उड्डाण खोडायचे नाही. त्यावर ‘बाद’ असे लिहायचे आणि आकडे तसेच ठेवायचे.

ही दोन ठाण्यांची युक्ती केवळ मुलांचा खेळ आहे असे समजू नका. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंबा येथून भारताच्या भूमीवरचा पहिला संशोधन-अग्निबाण उडाला. तो अमेरिकी ‘नायके-अपाची’ होता आणि त्याने सुमारे २०० किलोमीटर उंची गाठली. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेल्या ज्या तरुण अभियंत्यांनी थुंब्याचा तळ उभा केला, त्यांत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही होते. पुढे ते तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्या अग्निबाणाच्या पोटात होती सोडियमची वाफ. जमिनीवर अंधार पडत होता, पण एवढ्या उंचीवर अजून ऊन होते. त्या उन्हात सोडियमचा ढग नारिंगी चमकला. दूरदूरच्या ठाण्यांवरून त्याची छायाचित्रे घेतली गेली. पाठीमागच्या ताऱ्यांवरून प्रत्येक ठाण्यापासूनची ढगाची दिशा कळते आणि दोन दिशांवरून त्याची जागा. थोड्या वेळाने पुन्हा छायाचित्र घेतले की तो किती सरकला हे कळते, आणि तेवढ्या उंचीवरचा वारा हाती लागतो. आपले पुठ्ठ्याचे कोनमापक त्याच कुळातले.

दुसरे साधन घड्याळ. शिखरापासून जमिनीपर्यंत पडायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि पुस्तकातले सूत्र वापरायचे : उंची बरोबर अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग. वेळ २.८ सेकंद आला तर उंची ३८.४ मीटर. पण ही उंची निर्वातातली. रिकामी बाटली म्हणजे काही दगड नव्हे, तिला हवा धरून ठेवते. शंभरेक ग्रॅम वजनाची अशी बाटली कितीही उंचावरून पडली तरी सेकंदाला सुमारे २५ मीटरपेक्षा फार वेगाने पडू शकत नाही. हा विरोध धरून गणित केले तर त्याच २.८ सेकंदांत ती फक्त साडेबत्तीस मीटर पडते. सहा मीटरचा फरक! शिवाय बोटाने घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक सहज होते. जमिनीजवळ वेग सेकंदाला २० मीटर असतो, म्हणजे आणखी ४ मीटर गेले. घड्याळ स्वस्त खरे, पण एकट्या घड्याळावर उंची ठरवू नये.

मोबाईलचा कॅमेरा हे त्याहून बरे घड्याळ. बऱ्याच फोनमध्ये ‘स्लो मोशन’ ची सोय असते आणि तो सेकंदाला २४० चित्रे घेतो. रॉकेटच्या अगदी बाजूला एक उंच बांबू रोवा आणि त्यावर ३ मीटर व ५ मीटर उंचीवर लाल फडके बांधा. बांबू रॉकेटच्या मागे दूर असून चालणार नाही. कॅमेऱ्यापासून दोघांचे अंतर सारखे हवे, नाहीतर मापच खोटे. समजा दोन फडक्यांमधले दोन मीटर ओलांडायला १६ चित्रे लागली. वेळ झाला १६ भागिले २४० आणि वेग सेकंदाला ३० मीटर. फडके तीन मीटरवर बांधायचे कारण एवढेच, की तोपर्यंत बहुतेक पाणी बाहेर पडून गेलेले असते. चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून साधी पाठवू नका, तेथे चित्रे गाळली जाऊ शकतात. मूळ फाइलच घ्या.

आता ३० मीटर वेगाने वर फेकलेली वस्तू निर्वातात किती उंच जाईल? वेगाचा वर्ग ९००, त्याला १९.६ ने भागा : सुमारे ४६ मीटर. आणि दोन ठाण्यांनी सांगितले ३५. उरलेले ११ मीटर हवेने खाल्ले. हवेचा विरोध हा शब्द पुस्तकात आपण नेहमी ‘नगण्य मानून’ वाचतो; येथे तो मीटरमध्ये मोजून मिळतो.

तिसरे साधन रॉकेटमध्येच बसते, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या यवतमाळच्या हवेची एक गंमत कळते. ते म्हणजे दाबमापक. शर्टाच्या गुंडीएवढ्या पट्टीवर बसवलेला दाबाचा संवेदक हल्ली काही शे रुपयांच्या आत मिळतो; ‘बीएमपी २८०’ हा त्यातला एक प्रसिद्ध. त्याला एक लहानसा नियंत्रक, स्मृतिपट्टिका आणि घट जोडला की तो सेकंदाला वीस-पंचवीस वेळा दाब लिहून ठेवतो. ज्यांच्या शाळेत ‘अटल’ प्रयोगशाळा आहे त्यांना हे सुटे भाग नवीन नसतील. वर जावे तशी हवेचा दाब कमी होतो, हे तत्त्व. पारा भरलेली नळी घेऊन डोंगर चढवण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये पास्कलने आपल्या मेहुण्याकडून १६४८ साली करवला होता. आपण तोच बाटलीत करतो.

संवेदकाच्या कप्प्याला बाजूने तीन-चार बारीक भोके पाडा, सारख्या अंतरावर. नाकाच्या टोकाला भोक पाडू नका. तेथे समोरची हवा आदळून दाब वाढतो, आणि वाढलेला दाब म्हणजे संवेदकाच्या लेखी कमी उंची. ३० मीटर वेगाला हा जादा दाब सुमारे ४८० पास्कल होतो. तुमची नोंद सांगेल की खिट्टी ओढताच रॉकेट जमिनीखाली ४६ मीटर गेले! संवेदकावर स्पंजाचा तुकडाही ठेवा, म्हणजे ऊन आणि झोत त्याला थेट लागणार नाही.

दाबावरून उंची काढायचे सूत्र तयार मिळते, मुले ते उतरवून घेतात आणि आकडा येतो. आता हा प्रयोग दोनदा करून पाहा. एकदा डिसेंबरच्या सकाळी, हवा १५ अंश सेल्सियस असताना. दोन ठाण्यांची उंची आणि दाबमापकाची उंची एक-दोन टक्क्यांत जुळेल. मग वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या संध्याकाळी करा, हवा ४० अंश असताना. ठाणी सांगतील ३४.९ मीटर आणि दाबमापक सांगेल ३१.५ च्या आसपास. पुन्हा उडवा, पुन्हा तेच. ठाण्यांची एकमेकांत साक्ष जुळते आहे, संवेदकाचे आकडेही सुरळीत आहेत. मग खोटे कोण बोलते?

कोणीच नाही. सूत्राने एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे. ते ‘प्रमाण वातावरणा’ साठी रचलेले असते : समुद्रसपाटीला १५ अंश तापमान, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी घट. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. म्हणजे सूत्राच्या मते येथे सदैव १२ अंश असतात! एप्रिलमध्ये यवतमाळात १२ अंश? उन्हाने हवा प्रसरण पावते, विरळ होते. विरळ हवेचा थर हलका असतो, म्हणून एक मीटर वर गेल्यावर दाब कमी घटतो. हिशेब पाहा. डिसेंबरच्या त्या सकाळी येथे एका मीटरला साधारण साडेअकरा पास्कल दाब उतरतो. एप्रिलच्या त्या संध्याकाळी साडेदहाच. संवेदक दाब बरोबर सांगतो. सूत्र त्याचा अर्थ थंड हवेच्या हिशेबाने लावते.

दुरुस्ती सोपी आहे. दोन्ही तापमाने केल्व्हिनमध्ये घ्या : ४० अंश म्हणजे ३१३, आणि १२ अंश म्हणजे २८५. ३१३ ला २८५ ने भागा, १.०९८ येतात. त्याने ३१.५ ला गुणा : ३४.६ मीटर. ठाणी म्हणत होती ३४.९. (उड्डाणापूर्वीचा दाब म्हणजे समुद्रसपाटी असे धरणारी आज्ञावली असेल तर २८५ ऐवजी २८८ घ्या.) तापमान सावलीत टांगलेल्या तापमापकाचे घ्यायचे. संवेदकात तापमापक असतो, पण तो बाटलीच्या पोटातले तापमान सांगतो, मैदानावरचे नव्हे. वणी, उमरखेड, पुसदच्या विद्यार्थ्यांनी ४५० मीटर हा आकडा तसाच उचलू नये. त्यांची गावे यवतमाळपेक्षा खाली आहेत. रेल्वे स्थानक असेल तेथे पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती घ्यावी.

एवढ्यावरही दोन आकड्यांत थोडा फरक राहील. हा संवेदक स्वतःच एखाद्या मीटरची चूक करू शकतो, आणि कोनमापकावर एका अंशाची चूक म्हणजे या उंचीला सव्वा ते दीड मीटर. म्हणून उंची ‘३४.५७ मीटर’ अशी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देत नाही. ‘३५ मीटर, एक-दीड मीटर इकडे-तिकडे’ असे लिहिणाऱ्याला देतो.

दाबमापकाचा खरा उपयोग मात्र एका शिखराच्या आकड्यासाठी नाहीच. त्याने पूर्ण प्रवास लिहून ठेवलेला असतो. ते आकडे आलेखकागदावर घ्या : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उंची. पुस्तकातला वक्र दोन्ही बाजूंना सारखा असतो. तुमचा तसा येणार नाही. शिखराच्या दोन सेकंद आधी रॉकेट सुमारे साडेबारा मीटरवर दिसेल, पण शिखरानंतर दोन सेकंदांनी ते साडेसोळाच्या आसपास असेल. चढ तीव्र, उतार मंद. वर जाताना हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही मिळून त्याला अडवतात. खाली येताना ते एकमेकांविरुद्ध असतात. वक्रात मध्येच एखादा खड्डा किंवा दाता दिसला तर तो पुसू नका. बाटली उलटीपालटी होऊन पडू लागली, पर सुटला, भोक बुजले, अशा घटना तेथे लिहिलेल्या असतात.

मोठ्या अग्निबाणांचे शास्त्रज्ञ हेच वाचतात. त्यांची नोंद रेडिओने जमिनीवर येत राहते. तिला दूरमापन म्हणतात. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताचा पहिला उपग्रहवाहक, एसएलव्ही-३, उडाला. पहिला टप्पा बिनचूक जळला. दुसऱ्या टप्प्यात अग्निबाण डगमगू लागला, आणि उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात पडला. वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रात गेली, हाती उरल्या त्या नोंदी. त्या तपासल्यावर दिसले की दुसऱ्या टप्प्याला वळवणाऱ्या यंत्रणेतले नायट्रिक आम्ल एक झडप उघडी राहिल्यामुळे आधीच गळून गेले होते. वळवायची वेळ आली तेव्हा ते उरलेच नव्हते. दोष एका झडपेत आहे, पूर्ण रचनेत नाही, हे कळले. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण पुन्हा उभा राहिला आणि त्याने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. मधे वर्षही पुरे झाले नव्हते.

तुमच्या वहीत प्रत्येक उड्डाणाला एक पान द्या. खिट्टी ओढण्यापूर्वी तारीख, वेळ, सावलीतले तापमान, वाऱ्याची दिशा, पाणी किती मिलिलिटर, हवा किती पौंड, रिकाम्या रॉकेटचे वजन, हे सर्व लिहून झालेले असावे. मग पाणी बदला, बाकी काही बदलू नका : २०० मिलिलिटर, ३००, ४००, प्रत्येकी निदान तीन उड्डाणे. सर्वांत उंच कोणते जाते ते आलेख सांगेल. वीस-पंचवीस उड्डाणांनंतर बाटली टाकून नवी घ्यावी, आणि नवी घेतल्याचेही लिहावे.

जाता जाता एक कोडे. या लेखात ४६ मीटर हा आकडा दोनदा आला. एकदा निर्वातात ३० मीटर वेगाची वस्तू जेवढी वर जाईल ती उंची म्हणून, आणि एकदा नाकाला भोक पाडल्यावर रॉकेट जमिनीखाली जितके गेलेले दिसेल ती खोली म्हणून. एकात हवा मुळीच नाही, दुसऱ्यात सर्व करामत हवेचीच. तरी आकडा एकच. हा योगायोग नव्हे. ४८० पास्कल कोठून आले ते सूत्र शोधा, त्याला एका मीटरला उतरणाऱ्या दाबाने भागा आणि हवेची घनता कोठे जाते ते पाहा.